रॉड निघाला, मग आता जपायचे कशाला?

"हाड जुळलं म्हणता, रॉडही काढला. मग आता काठी काहून?"

नागपुरात मेडिकल कॉलेजच्या अस्थिरोग विभागात, मेयो रुग्णालयात, मिहानमधल्या एम्समध्ये किंवा धंतोली-रामदासपेठेतल्या हाडाच्या दवाखान्यांत कधी ना कधी विचारला जाणारा हा प्रश्न. विचारणारा गडचिरोलीहून आलेला असो की प्रतापनगरातून, त्याचा हिशेब बरोबर असतो. हाड मोडले तेव्हा ते वजन पेलत नव्हते म्हणून आत रॉड बसवला. दीड-दोन वर्षांनी एक्स-रे काढला, डॉक्टर म्हणाले, जुळले. गरज संपली म्हणून रॉड काढला. म्हणजे आता सरळ स्कूटरला किक मारून घरी जायला हरकत नसावी.

पण सुटी होताना कागदावर लिहिलेले असते : इतके आठवडे धावू नका, इतके महिने ओझे उचलू नका. रोग्याला हे पटत नाही, कारण पहिल्या ऑपरेशनच्या मानाने हे दुसरे फारच हलके गेलेले असते. तेव्हा मोडलेले हाड होते, सूज होती, रात्रभर ठणका होता. आता तीन-चार दिवसांत गोळ्या सुटतात, पंधरवड्यात टाके निघतात आणि पाय आपलाच वाटू लागतो.

हा हलकेपणाच फसवतो. कातडी, स्नायू आणि हाड तिघेही आपापल्या गतीने सावरतात. कातडीचे काम दोन आठवड्यांत उरकते, स्नायूंना दीड-दोन महिने लागतात, हाडाला त्याहून अधिक. वेदना कातडीची आणि स्नायूंची खबर देते. हाडात राहिलेल्या कच्च्या जागेबद्दल ती बोलत नाही. "दुखत नाही, म्हणजे झालं" हा नियम एरवी बऱ्याच आजारांत चालतो, इथे चालत नाही. असे का, हे समजायला आधी हा धातू आत बसून काय करत होता ते पाहू.

१. धातू हाड जुळवत नाही

हाड स्वतःच जुळते. रॉड किंवा प्लेट त्याला हलू न देण्याचे काम करते. मांडीचे किंवा नडगीचे हाड आतून पोकळ नळीसारखे असते. त्या पोकळीत लांब सळई सरकवतात, तिला आपण रॉड म्हणतो. ती फिरू नये म्हणून वरच्या आणि खालच्या टोकाला आडवे स्क्रू घालतात. प्लेट म्हणजे हाडाच्या बाहेरच्या अंगाला लावलेली धातूची पट्टी, ती सहा-आठ किंवा जास्त स्क्रूंनी पकडून ठेवतात. गुडघ्याची वाटी आणि कोपराचे टोक यांना बहुधा तारेने आवळतात. धातू साधारणपणे वैद्यकीय दर्जाचे स्टेनलेस स्टील किंवा टायटॅनियम असतो.

१८८६ साली हॅम्बुर्गच्या कार्ल हान्समान या सर्जनने प्लेट लावण्याच्या पद्धतीचे वर्णन केले. त्याच्या प्लेटचे एक टोक आणि स्क्रूंचे दांडे कातडीबाहेर डोकावत ठेवलेले असत, म्हणजे काही आठवड्यांनी जखम पुन्हा न उघडता सगळे ओढून काढता यावे. प्लेट जन्मली तीच काढण्याची सोय घेऊन. जंतू आत शिरायला ती वाट फारच सोयीची होती, म्हणून पुढे ती पद्धत मागे पडली आणि धातू पूर्ण कातडीखाली गेला.

रॉडची गोष्ट पुढची. गेरहार्ड कुंट्शरने १९३९ साली जर्मनीतल्या कील शहरात मांडीच्या हाडात लांब सळई घातली. दुसऱ्या महायुद्धात पकडलेले दोस्तांचे सैनिक सुटून घरी आले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढले आणि मांडीभर लांबीचा धातू पाहून ते चक्रावले. ज्या दुखापतीला महिनोन्महिने वजन लटकावून खाटेवर पडून राहावे लागे, तिच्यातून हे लोक केव्हाच उठून चालू लागले होते. १९५८ साली स्वित्झर्लंडमधल्या सर्जनांनी एकत्र येऊन हाड जोडण्याच्या शस्त्रक्रियेचे नियम घालून द्यायला सुरुवात केली. त्या काळात हाड जुळले की धातू काढायचा, हा जवळपास रिवाजच होता. आज तो तसा राहिलेला नाही.

२. काढायचा की राहू द्यायचा

लहान मुलांचा बहुधा काढतात. त्यांचे हाड वाढत असते, ते धातूला गिळून वर चढते आणि मग शोधून काढणे अवघड होते. मुलांच्या मांडीत घातलेल्या लवचीक टायटॅनियम सळया साधारण ६ ते १२ महिन्यांत निघतात. बोटांतल्या किंवा मनगटातल्या बारीक तारा तर ४ ते ६ आठवड्यांत ओपीडीतच ओढून काढतात, भूलसुद्धा लागत नाही.

मोठ्यांमध्ये खरे कारण असेल तरच काढावा, असे आज बहुतेक सर्जन मानतात. जंतुसंसर्ग, स्क्रू सैल होऊन बाहेर येणे, धातू तुटणे ही पक्की कारणे. त्यानंतर येते टोचणे. आणि इथे आपल्या बसण्या-उठण्याच्या सवयींचा मोठा वाटा आहे. खुर्चीतच आयुष्य काढणाऱ्याला घोट्याच्या बाहेरच्या बाजूची प्लेट कदाचित कधी जाणवणारही नाही. मांडी घालून पंगतीत बसणाऱ्याचा तोच घोटा फरशीवर टेकतो आणि कातडी व धातू यांच्यात चरबीचा थरही नसतो. गुडघ्याच्या वाटीतली तार पूजेला किंवा नमाजाला गुडघे टेकताना टोचते, कोपरातली तार सतरंजीवर कोपर टेकून पडताना. गळपट्टीच्या हाडावरची प्लेट शाळकरी मुलाला दप्तराच्या पट्ट्याखाली नकोशी होते.

थंडीत रॉड दुखतो, हीही नेहमीची तक्रार. खोल मांडीत बसलेला रॉड शरीराच्या तापमानाचाच असतो. तो गार पडत नाही. नडगीवरची किंवा घोट्यावरची उथळ प्लेट मात्र गारठ्यात जाणवू शकते, आणि नागपूरचा डिसेंबर काही सौम्य नसतो. २०१८ च्या डिसेंबरात इथला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. म्हणून थंडीमुळे धातू काढणाऱ्याला आधीच सांगून ठेवलेले बरे : दुखणे कमी होईल, पण अगदी नाहीसे होईलच असे नाही. नडगीत रॉड घातलेल्यांचा गुडघा पुढून दुखतो, त्याबद्दलही हेच. काढल्यावर अनेकांना आराम पडतो, सर्वांना पडत नाही.

आणखी एक कारण कुणी डॉक्टरांसमोर बोलत नाही, घरात बोलतात. काही ज्येष्ठ मंडळींना शेवटच्या प्रवासात अंगात लोखंड नको वाटते. सावडताना राखेत पट्टी सापडेल, या विचाराने त्यांना अस्वस्थ होते. या भावनेची थट्टा करू नये. पण सत्तरीतल्या माणसाच्या खुब्यातला स्क्रू आणि प्लेट काढणे हे धोक्याचे काम आहे. तिथले हाड वयाने विरळ झालेले असते, जाड स्क्रू निघाला की मागे तेवढीच जाड पोकळी उरते आणि खुब्याचे हाड नव्याने मोडू शकते. अशा वेळी घरच्यांनी डॉक्टरांकडे हट्ट धरू नये, असे मला स्पष्ट वाटते. त्रास नसलेला धातू जन्मभर आत राहिला तरी चालतो.

काढायचा ठरला तर घाई नको. घोट्याची प्लेट ८ ते १२ महिन्यांनी, नडगीचा धातू साधारण वर्ष-दीड वर्षाने, मांडीतला दीड-दोन वर्षांनी आणि कोपर ते मनगट या भागातली प्लेट दीड-दोन वर्षांच्या आत शक्यतो नाही. एक्स-रेत हाड चारही बाजूंनी भरलेले दिसले पाहिजे, ही अट सर्वांना लागू.

३. स्क्रू निघाल्यावर मागे काय राहते

कमरेचा चामडी पट्टा जुना झाला की कुठे तुटतो? चामडे सगळीकडे सारखेच जाड असते, पण तुटतो तो भोकापाशी. ओढ पट्ट्याच्या पूर्ण रुंदीवर सारखी वाटली जायची असते. मध्ये भोक आले की तिथली ओढ भोकाच्या दोन कडांवर गोळा होते आणि चीर तिथूनच सुरू होते.

हाडाचे तसेच आहे. प्लेट काढली की सहा-आठ भोके एका रांगेत उघडी पडतात. स्क्रू आत होते तोवर जोर प्लेटवरून जात होता. आता तो सगळा हाडावर येतो आणि भोकांच्या कडांशी गोळा होतो. सरळ दाबाला हाड तरीही दाद देत नाही. पीळ मात्र त्याला सोसत नाही. पाय जमिनीवर रोवलेला आणि अंग गर्रकन वळले, घसरताना हात टेकला आणि मनगट फिरले, अशा वेळी ही कच्ची जागा धोक्यात येते.

भोक किती मोठे, यावर धोका अवलंबून आहे. इथे थोडा हिशेब करू.

नडगीचे हाड मधोमध साधारण २५ मिलिमीटर जाड धरा. त्यात ४.५ मिलिमीटरचा स्क्रू होता. ४.५ भागिले २५, म्हणजे भोक हाडाच्या जाडीच्या १८ टक्के. आता मनगटामागचे, अंगठ्याच्या बाजूचे हाड घ्या. ते जेमतेम १३ मिलिमीटर जाड आणि स्क्रू ३.५ मिलिमीटरचा. ३.५ भागिले १३ म्हणजे २७ टक्के. स्क्रू बारीक, पण हाडाच्या मानाने भोक कितीतरी मोठे. प्रयोगशाळेत असे दिसले आहे की जाडीच्या पाचव्या हिश्श्याएवढे भोक पडले की पीळ सोसण्याची हाडाची ताकद सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. मग २७ टक्क्यांचे काय होईल ते उघड आहे. प्लेट काढल्यावर पुन्हा मोडणाऱ्या हाडांमध्ये कोपर ते मनगट या भागातल्या जोडहाडांचे नाव नेहमी पुढे असते, ते यामुळेच.

प्लेटखाली आणखी एक गोष्ट घडलेली असते. हाड त्याच्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवत राहते, हे बर्लिनच्या युलियस वुल्फने १८९२ साली मांडले. भार आला की ते जाड होते, भार गेला की विरळ. प्लेटने दोन वर्षे भार स्वतःकडे घेतलेला असतो, शिवाय तिच्या दाबाने खालच्या थराचा रक्तपुरवठाही कमी झालेला असतो. दोन्ही कारणांनी प्लेटखालचे हाड थोडे सच्छिद्र होते. एक्स-रेत हाड जुळलेले आहे हे खरे, आणि ते अजून पुरते कसलेले नाही हेही खरे.

पट्ट्याचे भोक मात्र कधी भरत नाही. हाडाचे भरते, इतका त्याच्यात आणि हाडात फरक आहे. आठवड्यांमागून आठवडे त्यात आधी कोवळे, मग पक्के हाड तयार होते. बहुतेक सर्जन प्लेट काढल्यावर ३ ते ४ महिने जपायला सांगतात, त्यामागे हाच काळ आहे. भरलेल्या भोकाचा काळा ठिपका एक्स-रेत त्यानंतरही बरेच महिने दिसत राहतो. तो दिसला म्हणून घाबरू नका.

रॉडचे गणित सोपे आहे. तो नळीच्या आत असतो, त्यामुळे बाहेरची भिंत शाबूत राहते. भोके फक्त दोन्ही टोकांच्या आडव्या स्क्रूंची. म्हणून रॉड काढलेल्याला बहुधा दुसऱ्या दिवशीच पायावर पूर्ण वजन देऊ देतात आणि प्लेट काढलेला शेजारचा रोगी कुबडी घेऊन चालताना दिसतो. दोघांची तुलना करून डॉक्टरांवर रागावण्यात अर्थ नाही.

४. पहिला पंधरवडा

ऑपरेशन बहुधा कमरेतून भूल देऊन होते, हाताचे असेल तर हाताचीच नस बधिर करून. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात. पहिले दोन दिवस पट्टीवर लालसर डाग पडला तर ते नेहमीचे आहे, कारण भोकांतून थोडे रक्त झिरपते. डाग वाढतच गेला, पट्टी भिजून थेंब पडू लागले, तर फोन करावा.

सूज उतरवण्याचे सर्वात स्वस्त औषध म्हणजे उशी. पाय छातीच्या पातळीपेक्षा वर राहील अशा दोन-तीन उश्या, नुसत्या टाचेखाली नव्हे, पोटरीच्या पूर्ण लांबीखाली. खुर्चीत बसून पाय स्टुलावर ठेवणे पुरत नाही. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, पट्टी ओली न करता. आणि जागेपणी तासातासाला पंजा वर-खाली हलवायचा, पोटरीतले रक्त वाहते ठेवण्यासाठी. भंडारा-गोंदियाहून किंवा बालाघाटहून आलेल्याने एसटीतून परत जाताना हा व्यायाम विसरू नये; तीन-चार तास पाय लोंबकळत ठेवून केलेला प्रवास सूज दुप्पट करतो. टाके १० ते १४ दिवसांनी निघतात. त्यासाठी पुन्हा नागपूरला यायलाच हवे असे नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तर गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयातही काढता येतात.

तोवर जखमेला पाणी नको. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे असताना हा सल्ला देणे सोपे, पाळणे कठीण. पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून स्टुलावर बसून अंघोळ करता येते. घामाने पट्टी ओलसर झाली तर ती तशीच वाळू न देता बदलून घ्यावी. हळद, तूप, झाडपाल्याचा लेप, कुणी दिलेली पावडर, यांतले काहीही टाक्यांवर घालू नये.

खाण्यापिण्याबद्दल घरोघरी एक पक्का समज आहे : आंबट खाल्ले की जखम चिघळते, पू होतो. या समजापायी नागपुरात ऐन हंगामात रोग्यासमोरून संत्री उचलून नेतात! जखम भरायला शरीर जे धागे विणते त्यांना क जीवनसत्त्व लागते आणि संत्र्यात ते भरपूर असते. पू जंतूंमुळे होतो, आंबटामुळे नाही. संत्री खा. वरण, दूध, अंडी, चणे हेही खा. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा, कारण वाढलेली साखर जखमेचा खरा शत्रू आहे.

दुसरा शत्रू पानठेल्यावर मिळतो. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला खर्रा सोडायला सांगितले की लोक म्हणतात, "खर्रा तोंडात, जखम पायात." निकोटीन मात्र रक्तात उतरते आणि बारीक रक्तवाहिन्या आकसवते. जखमेला आणि भोके भरणाऱ्या हाडाला रक्त कमी पोचते. कायमचा सुटत नसेल तर निदान चार महिने बंद ठेवावा. इतकी तडजोड मी करतो, दंतवैद्य करणार नाहीत.

५. चालणे, जिना आणि गाडी

कागदावर "अर्धे वजन" असे लिहिलेले असते. अर्धे म्हणजे किती, हे पायाला कसे कळणार? घरातला वजनकाटा काढा. ६४ किलोच्या माणसाचे अर्धे ३२. चांगला पाय काट्याच्या उंचीच्या पाटावर, ऑपरेशनचा पाय काट्यावर, हातात कुबड्या. हळूहळू भार देत काटा ३२ वर आला की थांबा आणि तो दाब लक्षात ठेवा. दिवसातून दोनदा असे केले की दोन दिवसांत पायाला अंदाज येतो. पहिल्या वेळी बहुतेकांचा भार ठरल्यापेक्षा जास्तच पडतो.

काठी एकच असेल तर ती उलट्या हातात धरायची. उजवा पाय दुखरा असेल तर काठी डाव्या हातात. अनेकजण दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि तिच्यावर झुकून चालतात, त्याने चाल बिघडते. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा.

व्यायाम साधे आहेत. पाय सरळ ठेवून गुडघ्याखालचा टॉवेल दाबायचा, मांडीचा स्नायू आवळून पाच मोजायचे. मग पाय सरळ ठेवूनच वीतभर उचलायचा. गुडघा हळूहळू वाकवायचा. मांडीतला रॉड काढलेल्यांची तक्रार वेगळी असते. रॉड खुब्याजवळच्या स्नायूंमधून बाहेर काढलेला असतो, त्यामुळे काही आठवडे चालताना कंबर एका बाजूला झुकते. कुशीवर वळून वरचा पाय सरळ उचलण्याचा व्यायाम यासाठी सांगतात आणि तो नेटाने केला तर लंगड जाते. नडगीतला रॉड काढलेल्याची जखम गुडघ्याच्या वाटीखाली असते. त्याला उकिडवे बसणे आणि गुडघे टेकणे बराच काळ नकोसे होते. देशी संडास असलेल्या घरात तेवढ्या दिवसांपुरती भोकाची खुर्ची आणावी, ती औषधी दुकानांतून भाड्यानेही मिळते.

अंबाझरी तलावाच्या काठाने सपाट रस्त्यावर चालणे टाके निघाल्यानंतर आनंदाने सुरू करावे. धावणे, उड्या, कबड्डी, क्रिकेटमधली चोरटी धाव यांना रॉड काढलेल्याने साधारण ६ ते १२ आठवडे आणि प्लेट काढलेल्याने ३ ते ४ महिने थांबावे. नेमकी तारीख सर्जनच देणार, कारण भोके किती आणि हाड कसे हे त्यांनी पाहिलेले असते.

गाडीचा प्रश्न नागपुरात सर्वांत आधी येतो, कारण इथे दुचाकीशिवाय पान हलत नाही. स्वतःला दोन प्रश्न विचारा. समोर अचानक कुत्रे आले तर पूर्ण जोराने ब्रेक दाबता येईल का? सिग्नलला गाडी कलली तर त्या पायावर पावणेदोनशे किलोचा तोल सावरता येईल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना पहिल्या महिन्यात "नाही" असेच द्यावे लागते. गाडी कलताना रोवलेला पाय पिळला जातो, आणि पिळाचे वर सांगितलेच आहे. तोवर मेट्रो आणि ऑटो आहेत.

६. हाताची प्लेट आणि शेतीचे वेळापत्रक

पायाचा रोगी जपतो, कारण चालताना त्याला आठवण राहते. हाताचा रोगी विसरतो. आठव्या दिवशी चमचा धरता येतो, पंधराव्या दिवशी मोबाइल, मग पाण्याची बादली उचलायला काय हरकत? हरकत मोठी आहे. हाताच्या जोडहाडांत भोके हाडाच्या मानाने सर्वांत मोठी आणि बादली उचलून वळवताना नेमका पीळच पडतो. इथे खाणे, लिहिणे, कपडे घालणे लगेच सुरू करावे. तीन-चार महिने एक-दोन किलोपेक्षा जास्त वजन त्या हाताने उचलू नये आणि दुचाकीवर मागे बसतानाही पडण्याचा धोका मोजावा.

पूर्व विदर्भातल्या शेतकऱ्यासाठी हा हिशेब हंगामाशी जुळवावा लागतो. उन्हाळा आहे, हाताशी वेळ आहे म्हणून समजा १५ मे रोजी हाताची प्लेट काढली. चार महिने म्हणजे १५ सप्टेंबर. धानाची रोवणी येते जुलैत. चिखलात वाकून दिवसभर काम, बांधावरून घसरणे, पेंढ्या उचलणे, सगळे नेमके कच्च्या काळात. तेच ऑपरेशन १ फेब्रुवारीला केले तर १ जूनला चार महिने पुरे होतात आणि पाऊस अजून यायचा असतो. काटोल-नरखेडच्या संत्राबागायतदाराने आंबिया बहाराची तोड आणि पेट्यांची चढ-उतार ऑक्टोबरपासून सुरू होते, हे धरून तारीख मागे मोजावी. हे ऑपरेशन ठरवून करायचे असते, त्याला अपघाताची घाई नसते. तेव्हा तारीख मागताना डॉक्टरांना आपले काम कोणते आणि त्याचा हंगाम कधी, हे स्वतःहून सांगावे.

७. थांबू नये अशा वेळा

१०१ फॅरनहाइटच्या वर ताप, जखमेभोवती दिवसागणिक पसरणारी लाली, पू किंवा दुर्गंधी असेल तर त्याच दिवशी दाखवावे. पोटरी ताठ होऊन दुखू लागली आणि सूज एकाच पायाला वाढली, तर रक्ताची गुठळी असू शकते. त्यासोबत धाप लागली किंवा छातीत कळ आली तर १०८ ला फोन करायचा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. दंडातली किंवा कोपराजवळची प्लेट काढल्यावर मनगट किंवा बोटे वर उचलता येत नसतील, तर नसेला ताण बसलेला असू शकतो. बधिरपणा भूल उतरल्यावरही तसाच राहिला तर सांगावे. आणि पायात "कट्" असा आवाज होऊन लगेच भार देता येईना, तर मालिश न करता, पाय न ओढता, आहे तसा आधार देऊन दवाखान्यात न्यावे.

कमरेतून भूल दिलेल्या काहींचे डोके बसल्यावर दुखते आणि आडवे झाले की थांबते. भरपूर पाणी, विश्रांती आणि डॉक्टरांची गोळी यांनी ते बहुधा काही दिवसांत जाते.

८. एखादा स्क्रू आतच राहिला तर

ऑपरेशननंतर एक्स-रे पाहून नातेवाईक विचारतात, हा तुकडा काय आहे? कधी कधी स्क्रू निघत नाही. विशेषतः टायटॅनियमचे, प्लेटच्या आट्यांत घट्ट बसणारे स्क्रू दोन वर्षांत असे धरून बसतात की फिरवताना त्यांचा माथा झिजतो किंवा मान तुटते. मग सर्जनपुढे दोन वाटा राहतात : हाड पोखरून तुकडा काढायचा की तो आहे तिथे ठेवायचा. पोखरले तर नवे, आणखी मोठे भोक. हाडात पूर्ण बुडालेला निर्जंतुक तुकडा बहुतेकदा काहीच करत नाही. तो ठेवण्याचा निर्णय हलगर्जीपणाचा असतोच असे नाही, अनेकदा तो शहाणपणाचा असतो. मात्र तसे झाल्याचे रोग्याला सांगायला हवे आणि सुटीच्या कागदावर लिहायला हवे. लिहिलेले नसेल तर मागून घ्यावे.

काढण्याआधीही एक कागद उपयोगी पडतो. पहिल्या ऑपरेशनच्या कार्डावर प्लेटचा प्रकार आणि कंपनीचे स्टिकर असते. स्क्रूच्या माथ्याचे खाचे वेगवेगळे असतात, त्याप्रमाणे पेचकस लागतो. एका शहरात बसवलेला धातू दुसऱ्या शहरात काढायचा असेल तर हे स्टिकर पाहून सर्जन योग्य अवजारे आधीच मागवतो आणि स्क्रूचा माथा झिजण्याची वेळ टळते.

निघालेला धातू अनेक दवाखाने पिशवीत घालून हातात देतात आणि तो काही दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवला जातो. ठेवायचा तर धुऊन खुशाल ठेवा. आत राहिलेल्या एखाद्या स्क्रूमुळे सोनेगावच्या विमानतळावरचे तपासणी यंत्र वाजेल, ही भीती बाळगू नये. इतका लहान तुकडा बहुधा त्याला जाणवत नाही. एमआरआय करताना मात्र तिथल्या तंत्रज्ञाला हा कागद दाखवावा. स्टील आणि टायटॅनियमच्या आजच्या स्क्रूंमुळे तपासणी सहसा अडत नाही, पण धातूच्या आसपासचे चित्र धूसर येते आणि ते कशामुळे, हे तपासणाऱ्याला माहीत असावे लागते.